नामदेव नावाचे चौघे

काही वर्षांपूर्वी सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गमतीचा प्रसंग घडला. संतकाव्यावरील प्रश्न होता: नामदेवांच्या कवितेतील सामाजिक आशय स्पष्ट करा. एका विद्यार्थ्याने पंढरपुरापासून प्रारंभ केला आणि दुसऱ्या पानावर तो थेट मुंबईत, ‘गोलपिठा’पाशी जाऊन पोहोचला. त्याच्या लेखी नामदेव एकच होते. मी हसलो आणि गुण कापले. संध्याकाळी न्हावऱ्याहून चौफुल्याच्या रस्त्याने परतताना मात्र वाटू लागले, की चूक त्याची खरी. पण तिच्यामागे आपल्यालाही न सुचलेला एक प्रश्न आहे.

मराठीत नामदेव किती? पहिले अर्थातच संत नामदेव (१२७० ते १३५०). शिंपी कुळातले, कीर्तनाच्या रंगात पंढरीहून पंजाबपर्यंत गेलेले आणि ‘गुरू ग्रंथसाहिबा’त स्थान मिळालेले. त्यांच्या घुमानला २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले. दुसरे नामदेव लक्ष्मण ढसाळ (१९४९ ते २०१४). यांचे गाव पूर-कनेरसर, म्हणजे आमच्या शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यातले. ‘गोलपिठा’ आणि दलित पँथर या दोहोंचे साल एकच, १९७२. तिसरे ना. धों. महानोर (१९४२ ते २०२३). पळसखेड्याचा हा शेतकरी कवी विधान परिषदेतही पाण्याविषयी आणि शेतीविषयी तळमळीने बोलला. आद्याक्षरांच्या आड त्यांचे ‘नामदेव’ इतके लपले आहे, की मराठीच्या पदवीधरांनाही ते चटकन आठवत नाही.

चौथे नामदेव साहित्याच्या इतिहासात सापडणार नाहीत. नामदेव जाधव हे नगर जिल्ह्यातल्या निमजचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांनी भडिमारातून आपल्या दोन जखमी सहकाऱ्यांना पलीकडे सुरक्षित नेले आणि मग एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

नावात काहीतरी गूढ शक्ती असते, असे मला मुळीच सुचवायचे नाही. नावाने कवी होत नाही आणि शूरही होत नाही. नावाच्या सारखेपणातून घोटाळे होतात, हे तर आपल्या अभ्यासकांना पुरते ठाऊक आहे. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा याचे अभंग संत नामदेवांच्या गाथेत मिसळले आणि ते वेगळे करण्यात संशोधकांचा घाम निघाला. माझ्या विद्यार्थ्याची परंपरा म्हणजे बरीच जुनी आहे!

पण नाव एका गोष्टीची साक्ष जरूर देते: ते ठेवणाऱ्यांच्या मनाची. एका शिंप्याचे नाव सैनिकाच्या घरात, शेतकऱ्याच्या घरात आणि महारवाड्यातल्या घरातही पाळण्यात घातले गेले. ज्या समाजात पाणवठा एक नव्हता, स्मशान एक नव्हते, तिथे हे नाव तेवढे सामाईक राहिले. आडनावाने माणूस कोणत्या आळीतला ते कळते. नामदेव म्हटल्याने कळत नाही. म्हणूनच की काय, नुसते नाव सांगितले की आपण लगेच विचारतो, ‘नामदेव कोण?’

आमच्या अभ्यासक्रमानेही हाच प्रश्न विचारून तीन कप्पे केले आहेत. संत नामदेव मध्ययुगीन वाङ्मयात, महानोर ग्रामीण साहित्यात, ढसाळ दलित साहित्यात. तीन नामदेवांची एकमेकांशी कधी गाठच पडत नाही. मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणून महाद्वारापाशी समाधी बांधली, असे परंपरा सांगते. समाधी मंदिराच्या बाहेर राहिली, हेही तितकेच खरे. त्या उंबरठ्यावरून ढसाळांच्या कवितेकडे पाहिले, तर प्रश्न जुनाच असल्याचे आणि संताप मात्र नवा असल्याचे दिसेल. अर्थात या निमित्ताने ढसाळांना ‘आधुनिक संत’ करून टाकणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. त्यांची कविता उंबरठ्याशी थांबायला तयार नाही. दोन्ही नामदेव शेजारी ठेवायचे ते फरक बुजवण्यासाठी नव्हे, तो नीट दिसावा म्हणून.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. माझ्या हजेरीपटावर नामदेव, तुकाराम, ज्ञानदेव ही नावे अजून आहेत, पण मधल्या रकान्यात, वडिलांच्या जागी. पहिल्या रकान्यातून ती जवळजवळ निघून गेली. तुकोबांची पालखी आजही दरवर्षी यवत-वरवंडच्या वाटेने जाते आणि आमच्याकडची माणसे दर्शनाला चौफुल्याला उतरतात; पण घरी परतून पाळण्यात ते नाव ठेवत नाहीत. मुले पूर्ण नाव सांगताना मधला शब्द पुटपुटतात. फॅशन बदलते, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र सगळ्या आळ्यांत चालणारे एक नाव गेले, की ओळखीसाठी मागे उरते ते आडनावच. हे काही प्रगतीचे लक्षण नव्हे.

त्या विद्यार्थ्याचे गुण मी वाढवले नाहीत. प्रश्न संतकाव्याचाच होता. पुढच्या वर्षापासून मात्र संत नामदेव शिकवून झाले, की एक तास उरलेल्या तिघांसाठी राखून ठेवतो. अभ्यासक्रमात तो नाही. मुले त्या तासाला सहसा चुकत नाहीत.