समुद्रतळाच्या तारा आणि त्यांचे धनी

सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दानजीक तांबड्या समुद्रातील तारा तुटल्या आणि भारतापासून आखाती देशांपर्यंत इंटरनेट मंदावले. २०२४ च्या प्रारंभीही त्याच समुद्रात असेच घडले होते. उपग्रहांच्या या युगात खंडाखंडांमधील संदेशवहनाचा बहुतांश भार अद्यापि समुद्रतळावरील तारांवरच आहे, हे पुष्कळांना तेव्हाच प्रथम कळले असेल.

वस्तुतः ही वाट फार जुनी. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन अशी तार टाकली आणि तांबड्या समुद्रातून सुएझमार्गे मुंबई लंडनशी जोडली गेली. मालकी होती जॉन पेंडर या उद्योगपतीच्या कंपन्यांची. तारेचा धनी कोण, या प्रश्नाचे मोल पहिल्या महायुद्धाने दाखविले. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनने जर्मनीच्या समुद्रतारा तोडल्या. जर्मनीला परक्या तारांचा आश्रय घ्यावा लागला. परिणामी १९१७ मध्ये परराष्ट्रमंत्री झिमरमन यांचा गुप्त संदेश ब्रिटिशांच्या हाती पडला आणि अमेरिका युद्धात उतरण्यास तो एक कारण ठरला.

१९२७ मध्ये खडकी व दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी सेवा सुरू झाली. बिनतारी संदेश स्वस्त पडू लागताच तार-कंपन्यांचे धाबे दणाणले. १९२९ मध्ये दोन्ही व्यवसाय एकाच छत्राखाली आणून ही स्पर्धाच संपविण्यात आली! यंत्र नवे आले, मक्तेदारी अभंग राहिली.

१९४७ मध्ये ही सेवा सरकारकडे आली. १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यातील आर्वीचे उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. १९८६ मध्ये विदेश संचार निगम स्थापन झाले आणि २००२ मध्ये त्याचे नियंत्रण टाटा उद्योगसमूहाकडे गेले. आता गूगल व मेटा, ज्या काल-परवापर्यंत दुसऱ्यांच्या तारांवर भाडेकरू होत्या, त्या स्वतःच समुद्रतारा टाकीत आहेत. पेंडरसाहेबांचेच हे नवे अवतार म्हणावयाचे!

सरकारने या कंपन्यांशी तारा टाकण्यात चढाओढ करावी, असे आमचे म्हणणे नाही. तथापि भारतात येणाऱ्या बहुतेक तारा मुंबई आणि चेन्नई या दोनच शहरांत किनाऱ्याला लागतात, आणि मुंबईतल्याही बव्हंशी वर्सोव्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात. तार तुटली की दुरुस्तीसाठी आजवर परदेशी जहाजाची वाट पाहावी लागली आहे. भारतीय ध्वजाच्या जहाजांचा विचार व्हावा, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्येच सुचविले होते.