उन्हाळ्याच्या तोंडावर खाते कोरे

2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे 78,000 रुपयांचे साहाय्य घेऊन धाराशिवचा मध्यमवर्गीय गच्चीवर 3 किलोवॅटचा सौरसंच बसवितो. निरभ्र दिवशी सुमारे 12 युनिटे वीज निघते. हिवाळ्यात पंखाही बंद, तेव्हा उरलेली महावितरणकडे जमा होते. वैशाखात दुपारचे वातानुकूल यंत्र ताज्या उन्हावर चालेल. रात्रीसाठी भिस्त या शिलकेवरच. परंतु वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या विनियमांनुसार आर्थिक वर्ष सरताच, 31 मार्चला, शिल्लक युनिटे अल्प दराने विकत घेतली जातात. उन्हाळा उंबरठ्यावर आणि खाते कोरे! ही व्यवस्था हिशेबनिसांच्या सोयीची असेल. मराठवाड्याच्या ऋतुमानाला ती खासच धरून नाही. सौरविजेचे वर्ष जूनअखेर संपवावे, अशी आयोगास आमची आग्रहाची सूचना आहे.