जुन्या होडीचा सौदा : ऐब आधी, किंमत नंतर

कात्रजला कापडाचे दुकान चालवणाऱ्याने होड्यांच्या खरेदी-विक्रीवर लिहावे, याचे काही वाचकांना हसू येईल. कात्रजला तळे आहे, तेही पेशवाईतले. त्याचे पाणी नळाने थेट शनिवारवाड्यापर्यंत नेले होते, हे इथली शाळकरी मुलेही सांगतात. पण त्या तळ्यात शीड लावून कोणी होडी हाकत नाही. मग आमचा आणि होडीचा संबंध काय? संबंध कापडाचा. आम्ही साड्या-ड्रेस मटेरियलवाले नाही. ताडपत्री, कॅनव्हास, तंबूचे कापड हा आमचा माल. २०१३ साली एक गृहस्थ फाटलेले शीड गुंडाळून दुकानात आले आणि असले कापड मिळेल का म्हणून विचारू लागले. आमच्याकडे तसले कापड नव्हते. पण गप्पा निघाल्या, आणि मुंबईत शिडाच्या जुन्या छोट्या होड्या स्वस्तात मिळतात, इकडे पुण्याकडे धरणांच्या पाण्यावर हौशी लोक त्या शोधत असतात, हे कानावर पडले. व्यापाऱ्याचे कान अशा वेळी टवकारतात. एका मित्राला भागीदार घेऊन आम्ही या धंद्यात हात घातला.

पुढील पाच-सहा वर्षांत आम्ही तीन सौदे केले. एकात मार खाल्ला, एकात चार पैसे मिळाले आणि तिसऱ्याने आम्हाला रात्रभर झोपू दिले नाही. तिन्ही सौदे होडीचे असले तरी त्यातला धडा जुनी मोटार, जुना माग, जुनी शिलाई मशीन घेणाऱ्या-विकणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे, म्हणून हा लेख.

या होडीला इंग्रजीत ‘डिंगी’ म्हणतात. हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचललेला आहे. आपल्याकडच्या लहान नावेला ‘डिंगी’ म्हणत, तोच तिकडे गेला. आज जी शिडाची डिंगी विकत मिळते ती मात्र बहुधा परदेशी नमुन्याची असते. लहान मुलांची ‘ऑप्टिमिस्ट’ १९४७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात तयार झाली. दोन माणसांची ‘एंटरप्राइज’ १९५६ साली इंग्लंडच्या जॅक होल्टने आखली. एका माणसाची ‘लेझर’ १९७० च्या सुमारास कॅनडात ब्रूस कर्बीने काढली. तिला २०१९ पासून ‘आयएलसीए’ म्हणतात. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये याच जातीच्या होड्यांवर आपल्या नेहा ठाकूरने रौप्य आणि विष्णू सरवणनने कांस्यपदक मिळवले. शर्यतीत उतरणारा खेळाडू होडी जरा सैल पडली की बदलतो. त्याच्या कामाची न राहिलेली होडी हौशी माणसाला मात्र दहा वर्षे चालू शकते. जुन्या होडीचा बाजार उभा आहे तो या फरकावर.

आता पहिला सौदा. २०१४ च्या मे महिन्यात मुंबईच्या एका मालकाकडून लाकडी एंटरप्राइज १८,००० रुपयांत घेतली. मे महिना घेणाऱ्याचा असतो. पावसाळ्यात समुद्रावरचा हा खेळ बंद, होडी चार महिने ठेवायची कुठे ही मालकाला चिंता, म्हणून भाव उतरतो. आम्ही तिथे पोचलो आणि सवयीप्रमाणे आधी कापडाला हात लावला. शीड मलमलसारखे मऊ लागले. आम्ही भागीदाराला मोठ्या रुबाबात सांगितले, “कपडा एक नंबर आहे.” मालक गालात हसला. त्या हसण्याचा अर्थ आम्हाला दोन महिन्यांनी कळला.

वाचकहो, उभी हयात कापडात घालवलेला माणूस तिथे कापडातच फसला! पूर्वी शिडे सुती असत. १९५० नंतर पॉलिएस्टरचे कापड आले. ते घट्ट विणून त्यावर रेझिनचा हात दिलेला असतो, त्यामुळे ते कडक असते, हलवले की कागदासारखे वाजते. उन्हा-वाऱ्याने रेझिन गेले की कापड मऊ पडते, ताणले जाते, वाऱ्यात आकार धरत नाही. आमच्या गल्ल्यावर मऊपणा हा गुण; शिडात तोच ऐब. शिवाय कापडाच्या आधी शिलाईचा दोरा उन्हाने मरतो. नखाने टाका उचलून पाहिला आणि दोरा पटकन तुटला, तर सगळ्या शिवणी पुन्हा घालाव्या लागणार हे समजावे. हे साधे ज्ञान तेव्हा आम्हाला नव्हते आणि विचारायची लाज वाटली. एका धंद्यातला जाणकार दुसऱ्या धंद्यात गेला की त्याने आधी शागीर्द व्हावे. आम्ही उस्तादाच्या तोऱ्यात गेलो.

नुकसान तेवढ्यावर थांबले नाही. होडीला सुकाणू नव्हते. तळाचे प्लायवुड पाणी पिऊन फुगले होते. होडीला मरीन प्लायवुड लागते, ज्याच्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो; आधी कोणीतरी साध्या फर्निचरच्या प्लायने ठिगळ मारून वर रंग फासला होता. हिशेब असा झाला : होडी १८,०००, घाटातून टेम्पोने आणण्याचे ६,५००, सुतार, प्लाय व सुकाणू १४,५००, नवी शिडे ३२,०००. एकूण ७१,०००. विकली ४५,००० ला. खोट २६,०००. भागीदार म्हणाला, “होडी तर स्वस्त मिळाली होती.” होय, होडी स्वस्त मिळाली होती, होडीत जे नव्हते ते महाग पडले.

जुन्या मालाची किंमत सांगितली जाते तेव्हा घेणाऱ्याने तो आकडा अर्धाच ऐकला आहे असे समजावे. उरलेला अर्धा आकडा विकणारा बोलत नाही. तो आपणच कागदावर मांडायचा असतो. धड, डोलकाठी, आडवी काठी, शीड, सुकाणू, पाण्यात खाली सोडायची मधली फळी, दोर, कप्प्या, झाकण, ढकलगाडी, अशी एकेक वस्तू लिहावी आणि जी नाही किंवा निकामी आहे तिच्यापुढे नव्याचा भाव टाकावा. वाहतूक लिहावी. मग बेरीज करावी. आम्ही दुकानात पाच रुपयांच्या मालाची यादी करतो आणि अठरा हजारांची होडी तोंडी हिशेबावर घेतली, याला काय म्हणावे?

दुसरा सौदा २०१८ चा. फायबरची लेझर, किंमत ४०,०००. पहिलीच्या दुपटीहून जास्त. भागीदार नको म्हणत होता. पण तिथला मालक वेगळा निघाला. आम्ही काही विचारायच्या आत तो म्हणाला, “शेठ, या होडीचे दुखणे डोलकाठीच्या खाचेत असते, आधी ते बघा.” त्याने स्वतः बादली आणून ती खाच पाण्याने काठोकाठ भरली आणि चहा मागवला. चहा होईपर्यंत पाणी बोटभर उतरले. म्हणजे खाच गळते आणि पाणी धडाच्या आत जाते. “एवढे एक काम आहे, बाकी पाहून घ्या,” तो म्हणाला. नव्या लेझरचे नुसते धड ५९ किलोच्या आसपास भरते. आम्ही वजनकाट्यावर ठेवून पाहिली. फार फरक नव्हता, म्हणजे आत पाणी मुरलेले नव्हते. शीड जुने पण वाजते होते, वर आणखी एक जादा. ढकलगाडी सोबत. खरेदीचा कागद, शिडावरचा नंबर आणि धडावरचा नंबर जुळत होते. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, इंग्रजी कागद पुतण्याने वाचून दाखवला. वाहतूक ७,०००, दुरुस्ती ५,०००. ती ६८,००० ला गेली आणि कर वगैरे सगळे वजा जाता हातात आठ हजारांच्या आसपास राहिले. रक्कम मोठी नाही, पण महिनाभरात मोकळी झाली, आणि घेणाऱ्याने आजवर एकदाही तक्रारीचा फोन केला नाही.

महाग होडी स्वस्त पडली आणि स्वस्त होडी महाग, याचे कारण शोधले तर ते एवढेच की दुसऱ्या मालकाने ऐब तोंडाने सांगितला. सांगितलेल्या ऐबाची किंमत करता येते. लपवलेल्या ऐबाची करता येत नाही, म्हणून शहाणा गिऱ्हाईक भीतीपोटी भलतीच किंमत कापतो आणि अडाणी गिऱ्हाईक बुडतो. दोन्हीत बाजार बिघडतो.

तिसरा सौदा सांगायला जड जातो. २०१९ साली दोन माणसांची फायबरची जुनी होडी २५,००० ला घेतली. अशा होडीच्या दोन्ही बाजूंना हवेच्या बंद टाक्या असतात. होडी उलटून पाण्याने भरली तरी या टाक्यांमुळे ती तरंगत राहते आणि माणसे तिला धरून राहू शकतात. टाकी तपासायची रीत सोपी आहे. भोकातून हलकेच हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवावे. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. आमच्या होडीत एका टाकीच्या सांध्यावर हातभर लांब बुडबुडे आले. आम्ही वरवर लेप दिला, तो धरला नाही. पूर्ण काम करायचे तर बाजू कापून पुन्हा जोडावी लागणार होती. भागीदार म्हणाला, “रंग मारून टाका. पाण्यात गेल्यावर कळेल, तोवर पैसे हातात.”

गिऱ्हाईक आले ते एक तरुण शिक्षक. सातारच्या बाजूचे. गावाजवळच्या तलावावर मुलांना शीड हाकायला शिकवायचे होते. ५२,००० ला सौदा ठरला, पाच हजार बयाणा आला. आम्ही गप्प राहिलो. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे ते लिहिलेच पाहिजे : आम्ही गप्प राहिलो. त्या रात्री झोप आली नाही. कापडात ऐब लपवला तर गिऱ्हाईक शिव्या देतो, तागा परत आणतो. इथे तागा परत येणार नव्हता. भर पाण्यात होडी उलटली आणि टाकी भरली, तर काय परत येणार? सकाळी फोन केला आणि सगळे सांगितले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “काका, हे काल का नाही सांगितलेत?” आमच्याकडे उत्तर नव्हते. बयाणा परत केला. आम्ही स्वस्तात देऊ केली, तरी त्यांनी घेतली नाही. बरोबर केले, एकदा लपवणाऱ्याचा दुसरा शब्द कोणी का घ्यावा?

भागीदारी तिथेच मोडली. होडी वर्षभर गोदामाबाहेर पडून राहिली आणि शेवटी सातारा रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने बागेत शोभेला म्हणून ९,००० ला नेली. आज तिच्यात झेंडू लावलेला आहे. येता-जाता दिसते. नुकसान झाले, पण ती जमिनीवर आहे याचा आनंद जास्त आहे.

मालातला ऐब गिऱ्हाइकाला सांगावा, हे आम्हाला लहानपणी मदरशात शिकवले आणि वडिलांनी गल्ल्यावरही शिकवले. कायदा इतके मागत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, काही अपवाद सोडले तर, माल पारखून घेण्याची जोखीम घेणाऱ्यावरच आहे. पण ज्या मालावर माणसाचा जीव तरंगतो, तिथे कायद्याच्या आडोशाला उभे राहणे व्यापाऱ्याला शोभत नाही. मोटारीचा ब्रेक, गॅसची शेगडी, इमारतीचा जुना झोका, सगळ्यांना हे लागू आहे.

घेणाऱ्यांसाठी आणखी चार गोष्टी. होडी घेण्याआधी ती कोणत्या पाण्यात घालणार ते ठरवा. धरणाचे पाणी सरकारी असते, परवानगीशिवाय होडी घातली तर सौदा कितीही चांगला असला तरी फुकट. मालकी पाहा, त्याच १९३० च्या कायद्याप्रमाणे ज्याची मालकी नाही तो सहसा मालकी देऊ शकत नाही, तेव्हा संस्थेची होडी सभासदाकडून घेताना संस्थेचा कागद मागा. जीवरक्षक जाकीट जुने घेऊ नका; तिथे काटकसर नको. आणि जीएसटीत नोंदणी असलेल्या, जुना माल विकणाऱ्या व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे की खरेदीवरचा कर वजा घेतला नसेल तर खरेदी-विक्रीच्या फरकावरच कर भरायची सोय नियम ३२ मध्ये आहे. मात्र त्या फरकातून दुरुस्तीचा खर्च वजा होत नाही. दर किती, ते आपल्या हिशेबनिसाला विचारावे.

विकणाऱ्यांना एकच सांगणे. गिऱ्हाईक आला की किंमत सांगायच्या आधी बादली आणा. होडी असेल तर पाणी भरून दाखवा, मशीन असेल तर चालवून दाखवा, तागा असेल तर ऐबाचे टोक आधी उलगडा. गिऱ्हाईक निघून गेला तर जाऊ द्या. राहिला, तर तो पुढच्या वेळी भावासाठी घासाघीस करील, पण तुमच्या शब्दावर शंका घेणार नाही. धंद्यात यापेक्षा मोठी बरकत आम्ही तरी पाहिलेली नाही.