चूक सांगणाऱ्याची रोजी कापू नका

रायगडच्या किनाऱ्यावर लाकडी होडी बांधणारा मिस्त्री आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जुन्या पद्धतीच्या कामात कागदावर नकाशा नसतो. पठाण केवढा घालावा, फळीला बाक किती द्यावा, हे मिस्त्री नजरेनेच ठरवितो. आजच्या भाषेत बोलायचे तर तो डिझायनरही असतो आणि टीमचा प्रमुखही.

परंतु प्रत्येक सांधा त्याला स्वतः तपासता येत नाही. एखाद्या शागिर्दाच्या हातून फळीला चीर गेली, तर त्याच्यापुढे दोनच वाटा असतात: उस्तादाला सांगणे किंवा गुपचूप झाकून टाकणे. यातली कोणती वाट तो धरील, हे आमच्या मते पोरापेक्षा उस्तादावर जास्त अवलंबून असते. कबुली देताच चारचौघांत शिव्या मिळाल्या, रोजी कापली गेली, तर पुढची चीर झाकलीच जाणार. ती उघडी पडते भर समुद्रात, आणि तिची किंमत तांडेल व खलाशी मोजतात.

मोठ्या कारखान्यांतही हेच घडते. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेच्या 'चॅलेंजर' यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, बूस्टर रॉकेट बनविणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी इशारा दिला होता की, थंडीत रबरी कड्या नीट काम करणार नाहीत. वरिष्ठांनी तो बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर प्राणास मुकले.

उलट उदाहरणही आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात इस्पितळांतील तुकड्यांची पाहणी केली. चांगले संबंध असलेल्या तुकड्यांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त आढळली. तेथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे, तर त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या, असा अर्थ त्यांनी लावला. म्हणून 'आमच्याकडे तक्रारच नाही' असे सांगणाऱ्या मालकाने खूश होण्याआधी जरा विचार करावा.

काही मालक म्हणतील, इतकी सूट दिली तर पोरे डोक्यावर बसतील. आम्ही सूट मागत नाही. चूक सांगणारा आणि चूक लपविणारा यांत फरक करा, एवढेच आमचे म्हणणे आहे. लपविणाऱ्याला जाब जरूर विचारा. सांगणाऱ्याची रोजी मात्र कापू नका. समज एकांतात द्या, शाबासकी सर्वांसमोर, नाव घेऊन द्या. आणि स्वतःचे माप चुकले, तर 'माझे चुकले' हे शब्द पहिल्यांदा उस्तादाच्या तोंडून निघू द्या.

काम होडीचे असो, फर्निचरचे असो की कॉम्प्युटरवरील नकाशांचे, भरवसा पगारपत्रकात लिहून मिळत नाही. तो रोजच्या वागण्यातून जमतो, आणि एका अपमानाने बुडतो. आपल्या कारखान्यातील सर्वांत लहान पोराने तुम्हाला शेवटची चूक कधी दाखविली, हे प्रत्येक मालकाने आज आठवून पाहावे.