टीएसएच नॉर्मल आहे ना, मग गाठीचं काय?

"टीएसएच नॉर्मल आलंय, गाठीकडे लक्ष देऊ नका." आमच्या तालुक्यात हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता राग येतो. टीएसएच सांगतं ग्रंथी काम किती करते ते. ग्रंथीत आलेली गाठ कसली आहे, हे ते सांगत नाही. थायरॉईडचा कॅन्सर असलेल्या बहुतेकांचं टीएसएच नॉर्मलच असतं!

कुणाला घाबरवायचं नाहीये. शंभरातल्या नव्वदहून जास्त गाठी साध्याच निघतात. माझं भांडण उरलेल्यांसाठी आहे, आणि त्यातही एका दुर्मीळ कॅन्सरसाठी. नाव मेड्युलरी कार्सिनोमा. थायरॉईडच्या शंभर कॅन्सरमध्ये हे पाचसुद्धा नसतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९५९ साली हा वेगळा आजार म्हणून मांडला.

वेगळा कसा? हा कॅन्सर थायरॉईड हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा नाही. शेजारच्या 'सी' पेशींचा आहे. त्या कॅल्सिटोनिन बनवतात, म्हणून रक्तातलं कॅल्सिटोनिन वाढतं. सुईने काढलेल्या नमुन्यात मात्र पेशी कधी गोल, कधी लांबट, कधी चक्क दुसऱ्याच कॅन्सरसारख्या दिसतात. त्यामुळे नुसत्या एफएनएसीवर जवळपास निम्म्याच केसेस नीट ओळखल्या जातात. शंका आली तर रक्तात कॅल्सिटोनिन बघायचं, सुई धुतलेल्या द्रवातही बघायचं, आणि गाठीच्या तुकड्यावर कॅल्सिटोनिनची खास रंगतपासणी करायची. काँगो रेड रंगाने गाठीतलं अमायलॉइडही दिसतं. यातलं काहीच नवीन नाही.

आमच्या भागातल्या एका बाईंना दीड वर्ष जुलाबाची औषधं चालू होती. मानेत गाठ होती, टीएसएच नॉर्मल. एफएनएसीचा रिपोर्ट आला 'साधा गलगंड'. खाली सही होती, पण कुणाची ते वाचता येईना. हा आजार पसरला की जुलाब होतात, चेहरा लाल होतो, हे कुणाला सुचलंच नाही. मुंबईला गेल्यावर निदान झालं, तोवर मानेतल्या गाठी वाढल्या होत्या.

नाव चुकलं की उपचार चुकतो. थायरॉईडच्या नेहमीच्या कॅन्सरला रेडिओआयोडीन देतात. 'सी' पेशी आयोडीन घेतच नाहीत, म्हणजे इथे ते फुकट. ऑपरेशनच्या आधी अॅड्रेनल ग्रंथीत गाठ नाही ना, हे बघावंच लागतं. ती असेल आणि न बघता भूल दिली, तर बीपी भडकून पेशंट टेबलावरच जाऊ शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरातली पोरं. यातल्या साधारण चौथाई केसेस आनुवंशिक असतात. रेट नावाच्या जनुकातला दोष कारण आहे, हे १९९३ पासून माहीत आहे. दोष असलेल्या आईबापाच्या प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. पेशंटची रेट तपासणी करा, दोष सापडला तर मुलांची करा. ज्या मुलात नाही, ते कायमचं सुटलं. ज्यात आहे, त्याची ग्रंथी कॅन्सर व्हायच्या आधीच काढता येते. त्या बाईंना तीन मुलं आहेत. इथे त्यांना हे कुणीच सांगितलं नाही.

"इतक्या दुर्मीळ आजारासाठी एवढा खर्च कशाला?" असं मला एका अधिकाऱ्याने विचारलं. साहेब, प्रत्येक गाठीला ही तपासणी करा असं कुणी म्हणत नाही. जिथे शंका आहे, तिथे करा. आजार दुर्मीळ आहे म्हणूनच जनुक तपासणीचा सरकारला एकूण खर्च थोडा येईल. एका मजुराच्या घराला मात्र तोच खर्च डोंगराएवढा आहे.

आता कायद्याचं. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ साली सांगितलं. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा, तो महाराष्ट्राने स्वीकारला नाही. मग तालुक्याच्या गल्लीबोळातल्या लॅबमध्ये स्लाईड नक्की कोण बघतं, हे तपासणार कोण? आरोग्य खातं महापालिकेकडे बोट दाखवतं, नगरपालिका आरोग्य खात्याकडे.

माझ्या मागण्या तीनच. जिल्ह्यातल्या प्रत्येक लॅबची आणि तिथे सही करणाऱ्या डॉक्टरची यादी जाहीर करा. संशयित गाठीसाठी कॅल्सिटोनिनची सोय जिल्हा रुग्णालयात करा. मेड्युलरी निघालेल्या पेशंटची, आणि त्याच्यात दोष सापडला तर घरच्यांची, रेट तपासणी सरकारी खर्चाने करा. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत आमदारांनी हे पालकमंत्र्यांपुढे मांडावं. रस्त्यांच्या यादीत दहा मिनिटं याला द्या.

आणि मंडळी, तुम्ही एवढं करा. घरात कुणाची गाठ तपासली असेल तर आज तो रिपोर्ट काढा. खाली सही कुणाची, शिक्षण काय, नोंदणी क्रमांक आहे का, बघा. स्लाईड आणि ब्लॉक मागून जपून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला लागतात. सहीच्या जागी नुसता शिक्का असेल, तर पेशंटचं नाव झाकून फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. सगळे एकत्र करून मी जिल्हाधिकाऱ्यांना देणार आहे.