घर आपल्या जागेत, पण ठेकेदार कोणाच्या भरवशावर?

दिवाळी सरली की गोव्यात बांधकामांना वेग येतो. जूनपूर्वी स्लॅब ओतून व्हावा, ही सर्वांचीच घाई. या घाईत ठेकेदार निवडला जातो तो असा: मेहुण्याने सुचवलेले नाव, चौरस मीटरचा एक दर आणि लगेच पहिला हप्ता. मोपचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यात जमिनीला भाव आला, तसे बाहेरून आलेले नवे बांधकामवालेही गावागावांत फिरू लागले आहेत.

काही बिनसले तर 'रेरा आहे ना', असे सर्रास ऐकू येते. इथेच मोठा गैरसमज आहे. 2016 चा रेरा कायदा मुख्यतः प्रकल्पातला फ्लॅट किंवा भूखंड विकत घेणाऱ्यासाठी आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवणे, करार नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम न घेणे, ताबा दिल्यापासून 5 वर्षांत निघालेला बांधकामातला दोष विनामूल्य दुरुस्त करून देणे ही बंधने प्रकल्प विकणाऱ्या बिल्डरवर आहेत. वडिलोपार्जित जागेत ठेकेदाराकडून स्वतःसाठी घर बांधून घेणारा या छत्राखाली येत नाही. त्याला उरतो ग्राहक संरक्षण कायदा (2019). त्यातल्या 'सेवे'च्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे आणि तक्रारीची मुदत साधारण 2 वर्षांची. पण आयोगापुढे तोंडी आश्वासनाला फारसे वजन नसते. म्हणून आपल्याला खरे संरक्षण मिळते ते आपणच लिहून घेतलेल्या कराराने.

ठेकेदाराची परीक्षा पावसाळ्यात घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. त्याने तीन-चार वर्षांपूर्वी बांधलेली दोन घरे जुलैत जाऊन पाहा आणि घरमालकाशी त्याच्या गैरहजेरीत बोला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुन्या चिऱ्यांच्या घरांना उतरती कौले आणि रुंद वळचण होती ती हौसेपोटी नव्हे. आता संगणकावरची चित्रे पाहून छज्जे नसलेली चपटी घरे उठतात, पाचव्या पावसात भिंती ओल धरतात आणि गच्चीवर पत्र्याची शेड चढते. ती शेड मूळ खर्चात कोणी धरलेली नसते! आराखड्यात छज्जा कुठे आहे, गच्चीचा उतार किती, पाणी कोणत्या बाजूला जाते, हे विचारल्यावर जो गोंधळतो त्याला नम्रपणे नकार द्यावा.

समुद्राची खारी हवा आणखी एक काम करते: सळ्या गंजवते. किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटसाठी भारतीय मानक 456 मध्ये किमान एम-30 दर्जा आणि सळ्यांवर 45 मिलिमीटर आवरण सांगितले आहे. कामावर हे पाळले जाते की नाही, हे स्लॅब ओतल्यावर कळत नाही. म्हणून ओतण्याच्या आदल्या दिवशी सळ्या पाहायला आपला स्वतंत्र अभियंता यायला हवा आणि त्याचे पैसे ठेकेदाराने नव्हे, आपण द्यावेत. 4 जानेवारी 2014 ला काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून कामगार मेले, तेव्हा तर पावसाचे दिवसही नव्हते.

कागदांत सनद, एक-चौदाचा उतारा, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा बांधकाम परवाना, हा क्रम ठेकेदाराच्या सोयीने उलटवू नका. 'झोन बदलून घेऊ' या शब्दावर तर मुळीच काम सुरू करू नये. नगर नियोजन कायद्याच्या 17(2) कलमाखालचे नियम मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले.

करारात हप्ते तारखांना बांधू नका, कामाच्या टप्प्यांना बांधा: जोते, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर. सिमेंट-सळ्यांची प्रत लिहा, उशिराचा दंड लिहा. आणि शेवटचे 5 टक्के पहिला पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवा. चांगला ठेकेदार या अटीला कुरकुरतो, पण सही करतो.