अक्षरे मोजून भाव

2010 मध्ये फेसबुकने ‘एफबी डॉट कॉम’ हा पत्ता विकत घेतला, तेव्हा तो अमेरिकेतल्या फार्म ब्युरो या शेतकरी संघटनेकडे होता. किंमत 85 लाख डॉलर. संघटनेने पैसे घेतले आणि ‘एफबी डॉट ओआरजी’वर आपला कारभार चालू ठेवला. दोन अक्षरांना एवढा भाव कशाचा? रोमन लिपीत दोन अक्षरांच्या जोड्या 676च होतात, तिहेरी 17,576. डॉट कॉमवरच्या त्या केव्हाच संपल्या. नव्या कुठून आणणार? कलबुर्गीच्या नेहरू गंजातल्या कोपऱ्यावरच्या गाळ्याचे असते तसेच हे. आपल्याकडच्या नावालाही कधीतरी असाच भाव येईल, या आशेवर फेरविक्रीवाले ढीगभर नावांची नोंदणी फी दरवर्षी भरत बसतात. त्यातली बरीच नावे पडूनच राहतात, पण गाजावाजा होतो तो विकल्या गेलेल्यांचा.

तरी आखूडपणा म्हणजे सगळे नव्हे. फोनवर एकदा सांगितले आणि समोरच्याने स्पेलिंग न विचारता बरोबर टाइप केले, असे नाव महाग. आपल्या सीमाभागात घोडे इथेच अडते. 1 नोव्हेंबर 2014 रोजी गुलबर्ग्याचे सरकारी नाव बदलून कलबुर्गी झाले. स्टेशनचा कोड ‘जीआर’चा ‘केएलबीजी’ झाला, पण 2019 मध्ये सुरू झालेल्या विमानतळाचा कोड ‘जीबीआय’. तूरडाळीचे भौगोलिक मानांकनही गुलबर्ग्याच्याच नावावर. आता डाळमिलवाल्याने पत्ता कोणत्या नावाने घ्यायचा? नवे नाव घ्यावे तर रोमनमध्ये ते जो तो आपल्या मनाने लिहितो. एखादा ‘ए’ गळला की गिऱ्हाईक भलत्याच्याच दारात. गुलबर्गा विद्यापीठ सुटले, त्याच्या पत्त्यात ‘जीयूजी’ एवढीच अक्षरे आहेत.

बिदर त्या मानाने सुखी. बिदर आणि बिदरी, दोन्ही नावे रोमनमध्ये पाच अक्षरांची आणि ऐकून लिहिता येणारी. धातूत चांदी जडवण्याच्या बिदरीकामाला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या जोरावर नकली मालाविरुद्ध दाद मागता येते, पण वेबसाइटचा पत्ता आपोआप पदरात पडत नाही. तो आधी नोंदवेल त्याचा. अशा पत्त्याला, म्हणजे डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात 2004 मध्येच सांगितले आहे. मात्र चांदीची तार ठोकणाऱ्या कारागिराने वकील कोणत्या पैशाने लावावा?

पाच अक्षरांचे कोरे नाव मिळाले नाही म्हणून दलालाच्या मागे लागू नये. ‘बिदरी’ला एक सोपा शब्द जोडावा, डॉट इन घ्यावे, वर्षाला काही शे रुपयांचे काम आहे. फक्त नोंदणी संस्थेच्या किंवा दुकानाच्या नावावर करा, वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर नको. आणि नूतनीकरणाची तारीख हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा.